आईची हाडं किती धोक्यात आहेत? घरीच करायची चौकशी

मी फिजिओथेरपिस्ट. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उभं करायला घरोघरी जाते. बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ. बाहेर येळ्ळूर, खानापूर, कधी निपाणी-चिकोडीपर्यंत. घर कुठलंही असो, मुलगा दारातच सांगतो, "मॅडम, आई एकदम धडधाकट होती हो. बाथरूममध्ये जरा पाय काय सरकला आणि खुबाच मोडला." मग मी कॉटशेजारी बसून आईलाच विचारायला लागते. मनगट पूर्वी एकदा मोडलेलं. गर्भपिशवी अडतिसाव्या वर्षी काढलेली. दम्याच्या गोळ्या चालू, त्या कसल्या ते घरात कुणाला ठाऊक नाही. वजन ४२ किलो. आणि आजीही अशीच पडून अंथरुणाला खिळलेली. हे सगळं घरात होतं की! कुणी एका कागदावर उतरवलं नव्हतं एवढंच.

तो कागद पडायच्या आधी लिहायचा. गणपतीला पुण्याहून, गोव्याहून, बेंगळूरहून घरी येता ना, त्यातली एक दुपार काढा. शिवणकामाची टेप, वजनकाटा, वही, जुन्या फायली, औषधांची पिशवी आणि एक मोकळी भिंत एवढं पुरतं. एक सून, लेक किंवा बहीणही सोबत असू द्या, कारण यातले दोन-चार प्रश्न मुलानं विचारले तर आई तोंड फिरवून "मला काय आठवत नाही" म्हणणार.

सुरुवातीलाच एक सांगते. गुडघे दुखतात म्हणून हाडं ठिसूळ झाली असा अर्थ लावू नका. गुडघ्याचं दुखणं बहुतेक वेळा सांध्याच्या गादीच्या झिजेचं असतं. ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, तो हाड मोडेपर्यंत दुखत नाही. त्यामुळे "आईला काही त्रास नाही" या वाक्याला इथं काही किंमत नाही. उलट गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं घेतलेली औषधंच कधी कधी हाडांच्या मुळावर येतात. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

वय आणि वजन

आमच्या भागात खरं वय काढणं हेच पहिलं काम. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी दिसली की ओळखायचं, कुणीतरी अंदाजानं टाकलीय. मी जुन्या खुणा विचारते. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या वेळी तुम्ही जन्मला होता का, घरात काय बोलायचे? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा शाळेत जात होता की लग्न होऊन सासरी आला होता? भूकंपाचं बहुतेक सगळ्यांना आठवतं, माणसं थंडीत अंगणात येऊन उभी राहिली होती. या दोन खुणांमध्ये वय दोन-तीन वर्षांच्या फरकानं सापडतं, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

आता वजन. साडीसकट केलं तरी चालेल, अर्धा-पाऊण किलो वजा करा. मग हा साधा हिशोब. पाळी गेलेल्या आशियाई बायकांसाठी तो तयार केलेला आहे आणि 'ओस्टा' या नावानं ओळखला जातो. किलोतल्या वजनातून वय वजा करायचं आणि उत्तराला पाचानं भागायचं. आई ७० वर्षांची आणि ४३ किलोची असेल तर ४३ वजा ७० म्हणजे उणे २७, भागिले ५, उणे ५.४. उणे ४ च्या खाली गेलं की धोका जास्त. उणे १ ते उणे ४ मध्ये आलं की मधला. ६० वर्षांची, ५२ किलोची बाई उणे १.६ वर येते, ती यातली. उणे १ च्या वर असेल तर कमी.

हिशोब एवढा सोपा कसा, असं बऱ्याच जणांना वाटतं. वय आणि कमी वजन हे दोन धोके खरंच तेवढे मोठे आहेत. काटक, सडसडीत म्हणून जिचं सगळी भावकी कौतुक करते ती बाई हाडांच्या बाबतीत जास्त काळजीची. पण या हिशोबाला बाकीचं काही दिसत नाही. माझंच घ्या. मी ५४ ची, वजन ६१, उत्तर अधिक १.४, म्हणजे निर्धास्त. आईचा खुबा मोडला होता म्हणून तरीही तपासणी केली तर हाडांची घनता सरासरीच्या खाली निघाली. आई किंवा वडील, कुणाचाही खुबा मोडलेला असणं हा स्वतंत्र धोका आहे, मुलाला आणि मुलीला दोघांनाही. म्हणून वहीत आजी-आजोबांचंही लिहा. "पडल्यावर उठलीच नाही, चार महिन्यांत गेली" असं कुणाबद्दल घरात बोललं जात असेल तर तो बहुतेक खुबाच होता. त्या काळी एक्स-रे कोण काढत होतं?

भिंत आणि टेप

आईला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा. टाचा, कंबर, खांदे भिंतीला. आता हनुवटी वर न उचलता डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का बघा. टेकत नसेल तर पाठीच्या मणक्यांकडे लक्ष द्यायला हवं. मग टेपनं उंची घ्या. तरुणपणची उंची कुणी लिहून ठेवलेली नसते, तेव्हा दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माप घ्या. हे माप साधारण तरुणपणच्या उंचीएवढं असतं आणि वयानुसार कमी होत नाही. उंची त्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटरहून जास्त कमी भरली तर मणके दबले असण्याची शंका घ्यायची. शेवटी बरगड्यांची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बाजूनं बोटं घालून बघा. दोन बोटंही आडवी मावत नसतील तर तीही तीच खूण.

जांबोटीकडच्या एका आजींच्या सुनेला मी गेले होते, बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीसाठी. आजी चुलीपाशी काम करत होत्या. चालताना दर दोन पावलांनी डाव्या हातानं निऱ्या वर घेत होत्या. मी विचारलं, "आजी, लुगडं सैल झालंय काय?" तर म्हणाल्या, "न्हाई गं. तेच लुगडं, तशीच नेसतोय, पर हल्ली खाली येतंय. पायात येतंय बघ." सून म्हणाली, त्यांचा ब्लाऊजही पुढून लांब आणि मागून आखूड व्हायला लागलाय, शिंप्याला दोनदा बोलणी बसली. शिंप्याची काही चूक नव्हती. एक्स-रेत दोन मणके पुढच्या बाजूनं चेपलेले निघाले. पडल्या कधीच नव्हत्या. घागर उचलताना पाठीत एकदा कळ आली होती, पंधरा दिवस तेल चोळलं आणि विसरून गेल्या.

मणक्याचं असं मोडणं बहुतेक वेळा कळतच नाही. कळलं तरी "उसण भरली" म्हणून सोडून देतात. तेव्हा वाकून वजन उचलल्यावर अचानक पाठीत कळ आली होती का, हे आईला मुद्दाम विचारा.

आधी मोडलेलं हाड

यादीतला सगळ्यात वजनदार प्रश्न हाच. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता चालता, ओट्यावरून उतरताना, अंगणात पाय सरकून पडल्यानं हाड मोडलं असेल तर पुढचं हाड मोडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. झाडावरून पडून किंवा मोटारसायकलच्या अपघातात मोडलं तर ते यात धरायचं नाही. तसं कुणाचंही मोडतं.

गोची अशी की मनगट मोडल्याचं कोणी मोडलं म्हणून सांगत नाही. "हात मुरगळला होता, हाडवैद्याकडून बांधून घेतला" असं सांगतात. दीड महिना बांबूच्या पट्ट्या बांधल्या होत्या तर तो मुरगळलेला नव्हता हो! आईची मनगटं नीट बघा, दोन्ही हात शेजारी ठेवून. एका मनगटाला मागच्या बाजूला उंचवटा राहिला असेल तर जुनं मोडलेलं हाड वाकडं जुळलंय. पन्नाशी-साठीत मोडलेलं मनगट म्हणजे पुढे खुब्याचं काय होऊ शकतं त्याची आगाऊ चिठ्ठी, आणि माझ्या अनुभवात ती चिठ्ठी कुणी उघडत नाही. प्लास्टर काढलं, हात हलायला लागला, विषय संपला. हाड का मोडलं हे ना घरच्यांनी विचारलं, ना दवाखान्यात कुणी सांगितलं.

पाळी आणि पिशवी

आता मुलांनी जरा बाहेर कट्ट्यावर बसायचं. हे सुनेनं किंवा लेकीनं विचारायचं, आणि आईच्या भाषेत विचारायचं: "बाहेर बसायचं कधी बंद झालं?"

बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन असेपर्यंत ते हाडाची झीज आटोक्यात ठेवतं. पाळी गेली की तो लगाम सुटतो आणि पुढची पाच-सात वर्षं हाड झपाट्यानं विरळ होतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर. पंचेचाळिशीच्या आत गेली असेल तर तिला लवकर म्हणायचं आणि वहीत ठळक लिहायचं. तरुणपणी गरोदरपण किंवा अंगावर पाजणं नसतानाही पाळी महिनोन्‌महिने बंद राहिली असेल तर तेही.

त्याहून महत्त्वाचं पिशवीचं ऑपरेशन. आमच्याकडच्या गावांत फिरताना हे इतकं ऐकते की आता दचकायला होत नाही, पण राग येतो. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, "पुढे कॅन्सर होईल" असं कुणीतरी सांगतं, आणि पस्तिशीतल्या बाईची पिशवी काढून होते. पिशवी एकटी काढली, अंडाशयं ठेवली, तर इस्ट्रोजेन चालू राहतं, जरी काही जणींची अंडाशयं त्यानंतर नेहमीपेक्षा लवकर थकतात. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर त्या दिवसापासून पाळी गेल्यासारखंच. हाडांची झीज पस्तिशीतच सुरू. बाईला हे बहुतेक वेळा सांगितलेलंच नसतं. मग कळायचं कसं? डिस्चार्ज कार्ड शोधा. ट्रंकेत, कापडी पिशवीत, देवघराच्या फडताळात कुठंतरी असतं. त्यावर ऑपरेशनच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांत नुसतं टीएएच असेल तर पिशवी काढलीय. टीएएच-बीएसओ असेल तर दोन्ही अंडाशयंही. कार्ड नसेल तर ऑपरेशननंतर लगेच अंगातून गरम वाफा, रात्री घामानं भिजणं सुरू झालं होतं का ते विचारा. अंडाशयं गेल्यावर ते एकदम सुरू होतं.

"ऑपरेशन झालंय" म्हणजे कुटुंबनियोजनाचं असेल तर त्याचा हाडांशी संबंध नाही. तिथं फक्त नळ्या बांधतात. दोन्हींना बायका नुसतं 'ऑपरेशन'च म्हणतात, तेव्हा कुठलं ते विचारून घ्या.

आणि "सात बाळंतपणं झाली, पोरांनी हाडं खाल्ली" हे आजीचं आवडतं वाक्य. पाजताना आईचं हाड थोडं उतरतं हे खरं, पण पाजणं थांबल्यावर बहुतांश भरून येतं. मुलांच्या माथी एवढं पाप नको.

औषधांची पिशवी

सगळ्या गोळ्या चटईवर ओता. पट्ट्यांवरची नावं तशीच उतरवा. आठवणीवर जाऊ नका.

सगळ्यात आधी स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट, अशी नावं. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त तीन महिन्यांवर चाललं असेल तर ते हाडांसाठी मोठ्या धोक्यात धरतात. दमा, आमवात, त्वचेचे काही आजार, किडनीचे काही आजार यांत ती लागतात, जीवही वाचवतात, म्हणून स्वतःच्या मनानं एकदम बंद करायची नाहीत. तसं केलं तर शरीर कोसळू शकतं. पण डॉक्टरांना विचारायचं की हाडांसाठी सोबत काय करायचं. आमवात, सकाळी बोटं आखडणारा आणि दोन्ही हातांचे सांधे सुजवणारा, तो स्वतःही हाड ठिसूळ करतो, गोळ्या असोत नसोत.

चिठ्ठीवर नाव नसलेलं स्टेरॉइड जास्त घातक. बाजारात बसणाऱ्या वैद्याची करडी पूड, नाव नसलेल्या कागदी पुड्या, "एका इंजेक्शनात गुडघा मोकळा". दोन दिवसांत चमत्कार व्हावा तसा फरक पडतो, चेहरा गोल होतो, भूक वाढते, आणि औषध थांबवलं की दुखणं दुपटीनं परत येतं. असं वर्णन असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता. त्या पुड्या टाकू नका, डॉक्टरांना दाखवायला न्या.

बाकीचं भराभर सांगते. फिट्सची जुनी औषधं, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, ड जीवनसत्त्व खातात. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तर हाड झिजतं, म्हणून वर्षातून एकदा तरी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. थायरॉइड जास्त चालण्याचा आजार पूर्वी होऊन गेला असेल तर लिहा. पित्ताच्या गोळ्या, ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, वर्षानुवर्षं उपाशीपोटी घेणारी माणसं घरटी एक तरी आहेत. त्यांच्यात हाड मोडण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, तेव्हा अजून लागतातच का हे विचारायला काय हरकत? छातीच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असलेल्या बाईची हाडं तपासलीच पाहिजेत. जुनी शुगर असलेल्यांत हाडांची घनता कागदावर बरी दिसते, तरी हाड मोडतं. किडनीच्या आजारात हाडाचं गणितच वेगळं, ते मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारूनच.

तंबाखू, ताट आणि ऊन

माझं माहेर निपाणीचं. तंबाखूचा वास नाकात घेऊनच आम्ही मोठे झालो. विड्या वळणाऱ्या बायकांच्या मांडीवर सूप, आणि सकाळी उठल्यावर पहिलं काम मिश्री लावायचं. विडी-सिगारेट ओढणं हा हाडांसाठी पक्का धोका आहे. मिश्रीचा धूर निघत नाही म्हणून ती यात नाही असं समजू नका. हिरडीला चोळलेल्या तंबाखूतलं निकोटिन रक्तात जातं, आणि दिवसात चार-पाच वेळा मिश्री लावणाऱ्या बाईची भूकही मरते, वजन उतरतं. तेव्हा "तंबाखू खाता का?" असं विचारू नका, उत्तर नाही असंच येईल. "मिश्री दिवसातून किती वेळा लागते?" असं विचारा. दारू रोज आणि भरपूर असेल तर तीही लिहायची.

हाड तिशीपर्यंत भरतं. त्यानंतर आहे तेवढं राखायचं. म्हणून आईच्या लहानपणी आणि वयात येताना घरात काय शिजत होतं हेही विचारते. १९७२ च्या दुष्काळात अथणी-चिकोडीकडे वाढीच्या वयात असलेल्या मुली आज साठी-सत्तरीत आहेत. पोटभर मिळालं नाही त्या वर्षांचा परिणाम हाडांच्या भांडवलावर होतो.

आजच्या ताटात दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पन्नाशीनंतर बाईला १२०० पर्यंत. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, ज्वारीत तीसही नाही. खानापूरच्या डोंगराकडे नाचणी पिकत होती आणि रोज खाल्ली जात होती. आता रेशनचा तांदूळ आला आणि नाचणी "शुगरवाल्यांची" झाली. सकाळची आंबील, पेलाभर दूध किंवा ताक, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला एवढं रोज असेल तर बरंच भागतं. दूध मात्र नातवाला आणि आईला काळा चहा, हे चित्र मला घराघरात दिसतं. घरात दूध कमी असेल तर आधी तिला द्या, नातवाला आइस्क्रीम मिळतंच.

ऊन भरपूर असूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता फार. वडगाव-खासबागच्या मागांवर दिवसभर आत बसणारी माणसं आणि कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर सूर्य न दिसणारी गावं बघितली की नवल वाटत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा लहान पडते त्या वेळचं ऊन कामाचं. ते हातावर, तोंडावर रोज थोडा वेळ तरी घ्या.

शेतात राबणाऱ्या बाईची हाडं भक्कमच असणार, हा समज अर्धाच खरा. पायावर भार पडणारं काम हाडाला चांगलं. पण पोटात कॅल्शियम नाही, वजन चाळीस किलो आणि पाळी चाळिशीत गेलेली, तर नुसत्या कष्टानं हाड राखलं जात नाही.

आजोबांनाही यातून सूट नाही. जगभरात पन्नाशीनंतर पाचातल्या एका पुरुषाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं. पुरुषांचा खुबा मोडला की ते बायकांपेक्षा जास्त प्रमाणात दगावतात. विडी, दारू, स्टेरॉइड आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरची हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं, एवढं त्यांना विचारा. पाळीचा भाग सोडला तर बाकी यादी तीच.

कागद घेऊन कुठं जायचं

हाड आधीच मोडलेलं, उंची घटलेली, स्टेरॉइड चालू, पाळी किंवा अंडाशयं पंचेचाळिशीच्या आत गेलेली, किंवा हिशोब उणे ४ च्या खाली. यातलं एक जरी असेल तर डेक्सा तपासणीसाठी हाडांच्या डॉक्टरांना भेटा. बाईचं वय ६५ च्या वर असेल तर यातलं काही नसलं तरी. तपासणीत पाठीवर झोपवून कमरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात, सुई नाही, दुखत नाही. निकालात टी-स्कोअर बघायचा, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून येणारा आकडा. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. आणि मणका किंवा खुबा किरकोळ पडण्यानं आधीच मोडला असेल तर आकडा काहीही येवो, निदान झालंच.

मंगल कार्यालयात किंवा औषध दुकानाबाहेर फुकट शिबिर असतं, टाचेवर यंत्र लावून हाडं तपासतात आणि शेवटी कॅल्शियमचा डबा हातात देतात. टाचेचं यंत्र फार तर इशारा देऊ शकतं. त्यावर निदानही करू नये, निर्धास्तही होऊ नये. आणि तो डबा घ्यायची घाई तर अजिबात नको.

कागद दवाखान्यात नेताना एक अडचण आमच्या भागाची. केसपेपर कन्नडमध्ये, चिठ्ठी इंग्रजीत, आई सांगणार मराठीत. म्हणून गोष्टी न लिहिता आकडे लिहा: आताचं वय, वजन, उंची, हात पसरून घेतलेलं माप, पाळी गेली ते वय, ऑपरेशनचं वर्ष, कुठलं हाड कधी मोडलं. शेजारी गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या चिकटवा. हे कुठल्याही भाषेच्या डॉक्टरला दोन मिनिटांत कळतं. खेड्यातून यायचं तर कर्नाटकात सरकारी साध्या बसला इथल्या बायकांना तिकीट नाही, तेव्हा "भाड्याला पैसे कशाला घालवायचे" ही सबब २०२३ पासून उरलेली नाही. डॉक्टर रक्तात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, किडनी बघतील. साठ हजार युनिटचं ड जीवनसत्त्वाचं पाकीट शेजारणीनं दिलं म्हणून दर आठवड्याला वर्षभर घेऊ नका. अति झालं तर रक्तात कॅल्शियम चढून किडनीला त्रास होतो.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत पडणं टाळायचं. मोतीबिंदू पिकलाय का, बीपीची किंवा झोपेची गोळी घेतल्यावर उठताना चक्कर येते का, ते बघा. पावसाळ्यात अंगणातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं, ते ब्रशनं घासून काढा. संडासात आणि मोरीत उठताना धरायला भिंतीत लोखंडी दांडा बसवून घ्या. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. ठिसूळपणाची शंका असेल तर पाय ताठ ठेवून खाली वाकायचे व्यायाम बंद, वाकून घागर उचलणं बंद. ओटा धरून टाचा वर-खाली करणं आणि खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, दिवसातून दोनदा दहा-दहा वेळा, हे चालेल.

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी दिली तर गिळायला त्रास किंवा किडनीचा आजार असल्याचं आधी सांगा. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं किंवा फिरायचं. आडवं पडलं तर गोळी अन्ननलिकेला पोळते. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी सगळं त्या अर्ध्या तासानंतर. आईला डोळे उघडताच चहा लागत असेल तर भांडण इथंच होणार, तेव्हा वार तिलाच ठरवू द्या. गावच्या बाजाराचा वार धरला की विसर पडत नाही.